पित्ताची गोळी: सुरू कुणी केली, थांबवायची कधी?

गेल्या अंकात वेदनाशामकांवर लिहिलं आणि ‘सोबतच्या पित्ताच्या गोळीबद्दल पुन्हा कधीतरी’ असं म्हणून मोकळी झाले. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली, तितकी मूळ लेखावरही आली नाहीत. ३१ वर्षं रुग्णालयाच्या औषधखिडकीत काढल्यावर मला याचं नवल वाटायला नको होतं. खिडकीतून सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी हीच आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं तीही हीच. चार पत्रं घेते आहे. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ५२. चार वर्षांपूर्वी छातीत जळजळायचं म्हणून डॉक्टरांनी पँटोप्राझोल ४० लिहून दिली. गोळी अशी लागू पडली की मी डॉक्टरांकडे पुन्हा गेलोच नाही. स्ट्रिप संपली की नवी आणतो. रात्री जेवण झाल्यावर घेतो. मध्यंतरी मुलीनं कुठेतरी वाचलं की या गोळीनं किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात. मी घाबरून गोळी एका दिवसात बंद केली. पाचव्या रात्री असं जळायला लागलं की उठून बसलो. आठव्या दिवशी गोळी परत सुरू. म्हणजे आता ही जन्माची सोबत समजायची का?

उत्तर: नाही. निदान त्या आठ दिवसांवरून तरी तसं ठरवू नका. तुम्हाला जे झालं त्याला दुखणं परत आलं असं म्हणायची घाई नको. बराचसा वाटा गोळी सोडल्याचाच असू शकतो.

पोटाच्या अस्तरातल्या काही पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे अगदी सूक्ष्म पंप असतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच घराण्यातली औषधं त्या पंपांना कायमची खीळ घालतात. आम्ल कमी झालेलं शरीराला कळतं आणि ते आणखी जोरात हुकूम सोडू लागतं. गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढतं, आम्ल करण्याची पोटाची ताकद महिन्यामहिन्यानं वाढत जाते. गोळी चालू असेपर्यंत हे कळत नाही, कारण खीळ घट्ट बसलेली असते. ती अचानक काढली की मग हे साठलेलं बळ उसळून येतं.

हे फक्त आजारी माणसांचं होतं असंही नाही. डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर झालेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणालाही आधी पित्ताचा त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल ४० दिली आणि मग त्यांना न कळवता नुसती बिनऔषधाची गोळी. उरलेल्यांना पहिल्यापासून बिनऔषधाचीच. नवव्या ते बाराव्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी वर येणं असे त्रास झाले. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांना गोळी सोडल्यावर पित्त झालं! तुमची तर चार वर्षं झाली आहेत.

आता माझंच सांगते, म्हणजे उपदेश कोरडा वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी कंबरेसाठी मला वेदनाशामक सुरू झालं आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत ओमेप्राझोल २०. वेदनाशामक सहा आठवड्यांत संपलं. ओमेप्राझोल तीन वर्षं चालू राहिलं. दिवसभर दुसऱ्यांना औषधं समजावून सांगणारी मी. मला कुणी ‘कशासाठी घेताय?’ असं विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. शेवटी आमच्या डॉक्टरांशी बोलून मी ती सोडली: दोन आठवडे दिवसाआड, मग बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी टिंब आणि जळजळीच्या दिवशी फुली काढत होते. बंद केल्यावर अकराव्या रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात उभी राहून अल्जिनेटची (जळजळ शमवणाऱ्या पातळ औषधाची) बाटली हलवून झाकणात १० मिली मोजत होते, ते अजून आठवतं. त्या आठवड्यात पाच फुल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तीन. महिना उलटल्यावर फुली शोधावी लागत होती. अकराव्या रात्रीच हार मानली असती, तर आज मीही ‘माझं पित्त जन्माचं’ असंच सांगत फिरले असते.

तुम्ही सोडायला घेण्याआधी मात्र डॉक्टरांना एक गोष्ट विचाराच: गोळी सुरू केली तेव्हा कारण काय होतं? काही जणांनी ती सोडायची नसते. अन्ननलिकेला मोठी जखम झालेली असेल, दुर्बिणीच्या तपासणीत ‘बॅरेट’ (म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं) असा शेरा असेल, अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेला असेल किंवा ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असून पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असेल, तर ही गोळी पहारेकऱ्यासारखी बसवलेली असते. बाकीच्यांसाठी, म्हणजे साध्या जळजळीसाठी, कोर्स बहुधा चार ते आठ आठवड्यांचा असतो. तुमच्या चिठ्ठीवर किती दिवस लिहिले होते ते बघा. ती सापडली तर ‘१४ दिवस’ किंवा ‘१ महिना’ असं काहीतरी निघेल, असं माझं मन सांगतं.

कारण पहाऱ्याचं नसेल तर डॉक्टर तुमची मात्रा ४० वरून २० वर आणतील, मग दिवसाआड, मग बंद. किंवा सरळ बंद. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यात दोन्ही रस्ते मान्य केले आहेत. मला उतरत जाणं बरं वाटतं, कारण माणसाचा धीर टिकतो. मधल्या दिवसांसाठी अँटासिड, अल्जिनेट किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारं, पण दुसऱ्या गटातलं औषध) हाताशी ठेवा. काही आठवडे थोडं जळेल हे धरूनच चला.

आता तुमच्या पत्रातल्या चार शब्दांकडे येते: ‘रात्री जेवण झाल्यावर घेतो’. चार वर्षं गोळी घेतलीत, पण तिचं पूर्ण काम कदाचित एकदाही करून घेतलं नाहीत. ही गोळी पोटात विरघळत नाही, विरघळूही नये. आम्लानं ती नासते म्हणून तिला कवच असतं. ती आतड्यात जाते, तिथून रक्तात आणि रक्तातून मागच्या दारानं परत पोटाच्या पेशींपाशी येते. तिथे ती फक्त चालू असलेल्या पंपांना धरते, झोपलेल्यांना नाही. पंप जागे होतात जेवणानं. आणि रक्तातलं तिचं प्रमाण तास-दीड तासातच निम्म्यावर येतं. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. शक्यतो सकाळच्या पहिल्या खाण्याआधी, कारण रात्रभरात नवे पंप तयार झालेले असतात. जेवून घेतलेली गोळी अगदीच फुकट जात नाही, पण गाडी सुटल्यावर फलाटावर पोचल्यासारखं होतं.

याच्या उलटही बघितलंय. ‘रिकाम्या पोटी’ म्हटलं म्हणून गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहणारे. पोट रिकामं हवं ते गोळी घेताना. नंतर खायलाच हवं. आणि जळजळ सुरू झाल्यावर ही गोळी गिळून दहाव्या मिनिटाला घड्याळ बघण्यातही अर्थ नाही. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. लगेच आराम हवा तर अँटासिड.

राहिली मुलीनं वाचलेली भीती. ती अगदी निराधार नाही, पण वाचताना एक फरक धरा. ज्यांना ही गोळी दीर्घकाळ दिली जाते ते लोक मुळातच जास्त आजारी, जास्त वयाचे असतात. त्यांची हाडं मोडली किंवा मूत्रपिंड बिघडलं की दोष गोळीच्या माथी येतो. १७,५९८ लोकांवर तीन वर्षं एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना पँटोप्राझोल ४०, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. २०१९ मध्ये निकाल आला: हाडं मोडणं, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांत लक्षणीय फरक नाही. फरक दिसला तो आतड्याच्या जंतुसंसर्गात, १ टक्क्याऐवजी १.४ टक्के. आम्ल हे जंतूंना अडवणारं फाटक आहे, ते उघडं राहिलं की असं होणारच. तीन वर्षांपलीकडचं मात्र ती चाचणी सांगत नाही. मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होणं हे लांबल्या वापरात खरंच दिसतं, म्हणून चार वर्षांनंतर ही दोन्ही एकदा तपासून घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ नक्कीच, कारण तेही बी-१२ कमी करतं. मूत्रपिंडाला अचानक सूज येणं हा प्रकार दुर्मीळ आहे. गोळी चालू असताना लघवी एकाएकी कमी झाली, अंगावर पुरळ आलं, ताप आला, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सहा महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि पित्ताची ओमेप्राझोल चालू आहे. मोठी गोळी गिळवत नाही म्हणून मी सगळ्या दोन चमच्यांमध्ये दाबून पूड करून देते. चालतं ना?

उत्तर: बरं झालं विचारलंत. पूड करणं आजपासून बंद करा, निदान ओमेप्राझोलची. वर सांगितलेलं कवच तुमच्या दोन चमच्यांत फुटतं, मग औषध पोटातल्या आम्लात सापडून वाया जातं. कॅप्सूल असेल तर तिच्यात बारीक दाणे असतात आणि कवच त्या प्रत्येक दाण्याला असतं. काही कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर मऊ, गार, किंचित आंबट पदार्थावर घालून देता येतात, पण दाणे चावायचे नाहीत, लगेच गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. तुमच्याकडच्या औषधाला हे चालतं का, ते पाकिटातल्या कागदावर बघा किंवा औषधविक्रेत्याला विचारा. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आणि पाण्यात घोळायची पूडही मिळते. खिडकीत एकदा एका गृहस्थांनी मला अभिमानानं छोटी डबी दाखवली होती: महिन्याभराच्या कॅप्सूल उघडून सगळे दाणे त्यात ओतून ठेवलेले, सकाळी ‘अंदाजे चिमूटभर’. तसंही करू नका.

बाकीच्या गोळ्यांची पूड चालते का, तेही एकेक नाव घेऊन विचारा. ॲस्पिरिनला पुष्कळदा असंच कवच असतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ओमेप्राझोल आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी. क्लोपिडोग्रेल यकृतातल्या ज्या विकरानं (एन्झाइमनं) कामाला लागतं, तेच विकर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल अडवतात. मग रक्ताच्या गुठळ्या रोखण्याचं क्लोपिडोग्रेलचं काम कमी पडू शकतं. या जोडीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्येच सावध केलं होतं. म्हणून उद्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून विचारा: ‘ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल चालेल का?’ ते हा बदल बऱ्याचदा करतात. पण फोन होईपर्यंत स्वतःहून काहीही बंद करू नका. क्लोपिडोग्रेल तर मुळीच नाही, स्टेंटला सहाच महिने झालेत. पित्ताची गोळीही नाही: दोन-दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांसोबत या वयात ती पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठीच असते. तिला ‘गॅसची गोळी’ म्हणून हलक्यात घेऊ नका.

थायरॉइडची गोळी आणि लोह, दोघांनाही नीट शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर द्या, लोह तिच्यापासून चार तास दूर. तरीही वेळा बदलून प्रश्न पुरता सुटत नाही, कारण आम्ल दिवसभरच कमी असतं. पित्ताची गोळी सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. कॅल्शियम चालू असेल तर त्यातलं कार्बोनेट जेवणासोबत द्यायचं. सायट्रेट प्रकाराला आम्लाची गरज लागत नाही.

आणि एक. लोहानं शौचाला काळपट होतंच. पण डांबरासारखं चिकट, काळंकुळकुळीत आणि वेगळाच उग्र वास असलेलं दिसलं, तर ‘लोहामुळे असेल’ म्हणू नका. तसंच तडक डॉक्टरांकडे.

प्रश्न: मी २७ वर्षांचा आहे. तीन महिने पित्तानं हैराण आहे. चिठ्ठीशिवायच राबेप्राझोल आणि डोंपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल आणतो, कधी दिवसातून दोनदा घेतो. थोडं बरं वाटतं, पुन्हा तेच. मात्रा वाढवू का?

उत्तर: मात्रा वाढवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

‘पित्त’ या शब्दानं आपली थोडी फसगत केली आहे. जळजळ, करपट ढेकर, मळमळ, डोकेदुखी, सगळं आपण त्या एका पोत्यात भरतो. खरं पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं, कडू. पोटातलं आम्ल आंबट. ही गोळी फक्त आम्ल कमी करते. तुमचं जे काही ‘पित्त’ आहे ते आम्ल नसेलच, तर दोनदा काय, चारदा घेऊन काय होणार? डॉक्टरांना सांगताना तो शब्दच वापरू नका. कुठे दुखतं, केव्हा, खाल्ल्यानं वाढतं की कमी होतं, आडवं झाल्यावर काय होतं, तेवढं सांगा.

डोंपेरिडोन हे वेगळं औषध आहे. ओकारी आणि मळमळ थांबवणारं. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, म्हणून युरोपच्या औषधसंस्थेनं २०१४ मध्ये त्यावर बंधनं घातली: कमीत कमी मात्रा आणि साधारणपणे एक आठवड्याहून जास्त नाही. तुम्ही तीन महिने घेताय, तेही कुणाला न विचारता. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. दोन औषधांची नावं दिसली की दोन्ही कशासाठी, हे विचारायचं.

डॉक्टर कदाचित एच. पायलोरी या जंतूची तपासणी सांगतील. अल्सरचं मूळ बहुतेकदा हा जंतू असतो. तो पोटाला सूज आणतो हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन, पोट बिघडवून घेऊन दाखवलं. २००५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी असेल तर दोन आठवडे आधी ही गोळी थांबवावी लागते, प्रतिजैविकं चार आठवडे. नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ म्हणतो. हे सांगायला माणसं विसरतात, तुम्ही आठवण करा.

गिळताना घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा चहापत्तीसारखे कण असतील, तर तारखेची वाट बघू नका. छातीतलं जळणं हातात, जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पोटाचं नाही असं धरून तातडीच्या विभागात जा. २७ वय असलं तरी.

रात्री त्रास जास्त होत असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशांची चळत नको. तिनं मान आणि पोट वाकतं, आम्ल उलट वर ढकललं जातं.

प्रश्न: कपाटात पित्तावरच्या रॅनिटिडीन गोळ्यांची जुनी पाकिटं सापडली. अधूनमधून घेतली तर? आणि सकाळची गोळी विसरली तर रात्री दोन घ्यायच्या का?

उत्तर: रॅनिटिडीन घेऊ नका. त्यात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली, साठवणीत आणि उष्णतेनं ती वाढते असंही दिसलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ते बाजारातून मागे घ्यायला लावलं. कपाटातली जुनी पाकिटं तर साठवणीतलीच. त्याच गटातल्या फॅमोटिडीनमध्ये ती अशुद्धी आढळलेली नाही. अधूनमधून घ्यायला ते बरं, मात्र रोज घेतलं तर एक-दोन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून आधी विचारा.

विसरलेली गोळी पुढच्या जेवणाआधी अर्धा तास घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती गेली असं समजा. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.